नाव खाली आहे का?

"काका, नाव खाली आहे. पहा, एकही रेकॉर्ड नाही."

पुतणीने फोन माझ्यासमोर धरला. ट्रेडमार्क रजिस्ट्रीची सार्वजनिक शोधाची साइट, वर्ग 16, आणि खाली काही सापडलं नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ. भंडाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या समोरच्या खोलीत ती दोन बायांना सोबत घेऊन वह्या, डायऱ्या आणि पाकिटं बनवते. दोन वर्षं बिननावाचा माल विकला. आता ब्रँड करायचा होता. दोन हजार कव्हरं नागपूरला छापायला टाकायची होती आणि प्रेसवाल्याला सोमवारी सकाळी फायनल फाइल हवी होती. त्या दिवशी शुक्रवार होता.

"एवढ्यात छापू नको," मी म्हणालो.

"काहून? खाली तर दाखवून राहिलं ना."

आमच्याकडे रिकाम्या गोष्टीला खाली म्हणतात. खाली खुर्ची, खाली डबा, खाली बस. नावही तसंच खाली असतं आणि आपण जाऊन त्यावर रुमाल टाकायचा असतो, असं तिला वाटत होतं. मलाही वाटलं असतं. पण याच खोलीत एकदा नाव गेलेलं मी पाहिलंय.

बाबांचं स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. 1979च्या उन्हाळ्यात त्यांनी घरीच वह्या बांधायला सुरुवात केली. बल्लारपूरचा कागद नागपूरहून रिमांनी यायचा. आखणी बाहेरून करून घ्यायची. मग घरात पानं मोजायची, दुमडायची, शिवायची, पुठ्ठ्याला खळ लावायची. एप्रिल-मेमध्ये आमचं घर खळीच्या वासाने भरलेलं असे, कारण शाळा सुरू व्हायच्या आत माल दुकानात लागायचा. कव्हरवर एक चित्र आणि त्याखाली एक नाव. चित्राचा जस्ताचा ब्लॉक होता. ते नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

1993 साली एक रजिस्टर पत्र आलं. मोठ्या शहरातल्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस. आमच्या नोंदणीकृत चिन्हाशी मिळतंजुळतं नाव वापरताय, ताबडतोब थांबवा, उरलेला माल नष्ट करा, नाहीतर कोर्टात खेचू. बाबा ते पत्र घेऊन ओळखीच्या वकिलाकडे गेले. ते आयुष्यभर शेतीच्या वाटण्यांचे दावे लढलेले. "सोडून द्या भाऊ," ते म्हणाले, "नाव दुसरं ठेवा." बाबांनी दुसरं ठेवलंच नाही. शिल्लक वह्यांची कव्हरं फाडून त्या कोऱ्या विकल्या आणि न लावलेल्या कव्हरांचे अकरा गठ्ठे घरात पडून राहिले. पुढची कित्येक वर्षं आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर तेच कागद उलटे अंथरलेले असत. डबा उचलला की खालून नाव उलटं दिसायचं.

हे सगळं मी पुतणीला सांगितलं. ती म्हणाली, "पण आबाजीच्या काळी अशी साइट नव्हती ना. आता आहे. पाहिलं की झालं."

तिने काय पाहिलं होतं? एका स्पेलिंगने एक शब्द टाकला होता. त्या शोधाच्या पानावर प्रकार तीन आहेत: शब्द, व्हिएन्ना कोड आणि उच्चार. मी इतिहासाचा हौशी वाचक आहे, कायद्याचा माणूस नाही. पण त्या तीन पर्यायांकडे बघत बसलो तेव्हा मला त्यात कागदाच्या धंद्याचा जुना हिशेब दिसायला लागला.

पेशवाईतल्या कारकुनाला कागदाचा ब्रँड विचारला असता तर त्याने गावाचं नाव सांगितलं असतं. जुन्नरी कागद, दौलताबादी कागद. जुन्नरला कागद करणारी मुसलमान कुटुंबं होती, त्यांचं आडनावच कागदी. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात तर हातकागदाची परंपरा मुहम्मद तुघलकाने राजधानी तिथे हलवली त्या चौदाव्या शतकापर्यंत मागे नेली जाते. खानदेशात एरंडोलचा कागद होता. मोडीतल्या लाखो कागदांनी भरलेलं पुण्याचं दफ्तर अशा गावांच्या लगद्यातून उभं राहिलंय. गाव हीच खात्री होती. अमुक एका कागद्याचं नाव कुणी विचारत नव्हतं.

आजच्या कायद्याने नेमकं हेच नाकारलंय. ट्रेडमार्क कायदा 1999च्या कलम 9 मध्ये स्पष्ट आहे की नुसतं मालाचं ठिकाण, प्रकार, दर्जा किंवा उपयोग सांगणारा शब्द एकट्याची मालकी होऊ शकत नाही, वर्षानुवर्षं वापरून तो तुमच्याच नावाने ओळखला जायला लागला असेल तर गोष्ट वेगळी. पुतणीच्या पहिल्या यादीत 'भंडारा नोटबुक्स' आणि 'उत्तम वही' होतं. दोन्ही मी तिथेच कापली. भंडारा हे नाव 'भाणारा' या रूपात छत्तीसगडमधल्या रतनपूरच्या, बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोरीव लेखात सापडतं. नऊशे वर्षं ज्यात माणसं राहिली, ते नाव चार हजार पाचशे रुपये भरून एकीला कसं मिळेल? गावाच्या नावाला हक्क मिळतो तो वेगळ्या दाराने, भौगोलिक मानांकनाच्या, आणि तो समूहाचा असतो. आमच्या चिन्नोर तांदळाला तसं मानांकन आहे. वह्यांना नाही, कारण भंडाऱ्याच्या मातीमुळे वही वेगळी होत नाही. यादीत 'वैनगंगा'ही होतं. नदीवर मन अडलं, पण नदीकाठच्या प्रत्येक दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर ती आधीच वाहते आहे.

शोधाच्या पानावरचा व्हिएन्ना कोड म्हणजे चित्रांची वर्णमाला. 1973च्या व्हिएन्ना करारात जगभरच्या चिन्हांतली चित्रं गटांत बसवली. गट 3 प्राण्यांचा, गट 5 झाडापाल्याचा, गट 20 लेखनसाहित्याचा. तुमच्या कव्हरवर धानाची लोंबी असेल तर लोंबीचा कोड टाकून आधीच्या लोंब्या शोधायच्या. हे नव्या जगाचं वाटतं, पण कागदाने चित्राची खूण फार आधी अंगात घेतली. इटलीतल्या फाब्रियानोच्या कागदात 1282च्या सुमाराचे जलचिन्हाचे नमुने आहेत. कागदाच्या जाळीवर तारेची आकृती बसवायची, लगदा तिथे पातळ पडतो आणि कागद उजेडाकडे धरला की खूण दिसते. कुणाच्या गिरणीचा कागद, ते न वाचता कळतं.

न वाचता हे महत्त्वाचं. आमच्या जिल्ह्याला ते वेगळं शिकवायला नको. भंडारा आणि 1 मे 1999ला त्यातून निघालेला गोंदिया, दोन्हीकडे पिढ्यान् पिढ्या बायांनी तेंदूच्या पानांत तंबाखू वळला. बीडीच्या बंडलावरचा कागद हे आमच्या घरांत आलेलं पहिलं छापील चित्र. गिऱ्हाईक अक्षर न ओळखता छाप मागायचा. छाप या शब्दातच चित्र आणि मालक दोन्ही आले.

मराठी माणसाच्या स्टेशनरीची गोष्टही छापातूनच जाते. 1931 साली गिरगावात दिगंबर परशुराम आणि गोविंद परशुराम दांडेकर या भावांनी शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली. नाव होतं हॉर्स ब्रँड, घोडा छाप. पुढे उंट आला, कॅमल. कॅमल आणि इंक मिळून कॅमलिन झालं. 2011मध्ये जपानच्या कोकुयोने या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, तरी उंट कंपासपेटीत तसाच बसलाय.

मजा अशी की उंटाचं चित्र असलेली अमेरिकन सिगारेट 1913पासून जगात होती. आज हे प्रकरण वर्गावर सुटतं. मालाचे 34 आणि सेवांचे 11, असे एकूण 45 वर्ग आहेत. सिगारेट 34मध्ये, कागद आणि लिहायची शाई 16मध्ये. दोन उंट दोन वेगळ्या कुरणांत चरू शकतात, फार प्रसिद्ध नावाला मात्र कुंपणापलीकडेही संरक्षण मिळतं. दांडेकरांना 1931 साली हे तपासायचं असतं तर? तपासायला जागाच नव्हती. भारतात खुणांची नोंदवही नव्हती. नकलेविरुद्ध 1860च्या दंडसंहितेत कलमं होती, 1889चा मर्चंडाइज मार्क्स कायदा होता, पण मालकीची नोंद करणारं खातं नव्हतं. लोक दस्त नोंदणीच्या कचेरीत जाऊन अमुक छाप आमचा आहे असं घोषणापत्र नोंदवत आणि वर्तमानपत्रात इशारा छापत. ट्रेडमार्कचा पहिला कायदा 1940चा, तो अमलात आला 1942मध्ये. इंग्लंडमध्ये नोंदणी 1876च्या पहिल्या दिवशी सुरू झाली होती. म्हणजे आपल्याकडच्या दुकानदाराने साठ-पासष्ट वर्षं नाव बाजाराच्या भरवशावर ठेवलं.

आणि हा कायदा मागणाऱ्यांत एक पेन्सिलवाला होता, हे मला फार आवडतं. न्यूरेंबर्गजवळच्या श्टाइन गावातला लोथार फाबर. त्याच्या ए. डब्ल्यू. फाबर पेन्सिलींची इतकी नक्कल झाली की 1874मध्ये त्याने जर्मन संसदेकडे खुणांच्या संरक्षणासाठी अर्ज केला. कायदा त्याच वर्षी झाला. दोन पैशांची पेन्सिल, पण तिच्यावरचं नाव काढलं तर ती नुसती लाकडाची काडी.

आता उच्चार. इथे मी पुतणीला थांबवण्याचं खरं कारण होतं.

साइटवर शब्द रोमन लिपीत टाकावा लागतो. नुसता 'वही' घ्या. कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू, कुणी शेवटी आय, कुणी डबल ई. तिने एक स्पेलिंग तपासलं होतं, बाकीची सात-आठ राहिली होती. कलम 11 स्पेलिंग बघत बसत नाही. ग्राहकाचा गोंधळ उडेल का, हे बघतं. आणि ग्राहक म्हणजे कोण, याचा आपल्याकडचा जुना निकाल औषधाचा आहे. अमृतधारा. पोटदुखीपासून सर्दीपर्यंत सगळ्यांवर चालणारं ते औषध 1903पासून विकलं जात होतं. 1950मध्ये उत्तर प्रदेशातल्या एकाने लक्ष्मणधारा या नावाची नोंदणी मागितली. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1962मध्ये निकाल लागला. एक अमृताची धार, दुसरी लक्ष्मणाची, अर्थ वेगळा आहे, असा फोड करून वाद घालता येतो. न्यायालय म्हणालं, नाव विकत घेणारा माणूस शब्दाची फोड करत नाही. तो साधारण बुद्धीचा, बेसावध, अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक आहे, त्याच्या कानाला आणि आठवणीला पूर्ण नाव कसं लागतं ते पाहा. दोन्ही नावं फसवणूक होण्याइतकी जवळची ठरली. तरी लक्ष्मणधारा बरीच वर्षं उघडपणे विकली जात होती आणि अमृतधारावाल्यांनी ते चालू दिलं होतं, म्हणून तिला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

तो अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक आमच्या साकोली-लाखांदूरकडचा असेल तर? आमच्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही, श नाही. डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी. समजा एकाने वहीचं नाव 'निळाई' ठेवलं आणि दुसऱ्याने 'निराई'. संगणकाला हे दोन शब्द आहेत. शाळा सुटल्यावर दुकानात हात टेकवून उभ्या राहिलेल्या पोराच्या तोंडात तो एकच आहे. उच्चाराच्या शोधाचं यंत्र इंग्रजी कानाचं, ते झाडीपट्टीत वाढलेलं नाही. तेवढं काम आपल्यालाच मोठ्याने म्हणून बघून करायचं.

मग आम्ही दोघं बसलो. तिने मनातलं नाव (तेही सांगणार नाही, अर्ज जायचा आहे) वहीच्या मागच्या पानावर अकरा प्रकारे लिहिलं. 16व्या वर्गात अकराही टाकले. मग शाळेच्या दप्तरांचा 18 आणि दुकानदारीचा 35 पाहिला. दोन नावं जवळची निघाली. एकापुढे 'अबँडन्ड' लिहिलेलं.

"हे सोडून दिलं, म्हणजे आपलं," ती म्हणाली.

नाही ना. अर्ज सोडून दिलाय, धंदा सोडला असेलच असं नाही. रजिस्ट्रीच्या हरकतीला महिन्याभरात उत्तर द्यायचं राहिलं, की अर्ज असाच बाद होतो. माल मात्र बाजारात चालू असतो. दुसऱ्यापुढे 'रिमूव्ह्ड' होतं. नोंदणी दहा वर्षांची असते, नूतनीकरण केलं नाही की नाव काढून टाकतात. पण काढल्यावर एक वर्ष नव्या अर्जदाराच्या वाटेत ते उभंच असल्यासारखं धरतात. ती यादी खाली सरकवत गेलं की कशी कशी नावं दिसतात. कुणी बायकोचं, कुणी मुलाचं, कुणी देवाचं नाव ठेवलेलं. पुढे एकेका शब्दात त्यांचा शेवट.

आणि जे यादीत नाहीच, त्याचं काय? कलम 34 प्रमाणे आधीपासून सतत वापरणाऱ्याला नंतर नोंदणी केलेला माणूस हटवू शकत नाही. तिरुनेलवेलीत इरुट्टुकडै नावाचं हलव्याचं दुकान आहे. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान. त्या नावावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन्ही बाजूंकडे नोंदणी होती. 2015मध्ये न्यायालयाने सांगितलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. म्हणून साइटवर नाव न सापडणं ही अर्धीच तपासणी. शनिवारी पुतणी स्कूटीवर निघाली आणि भंडारा, मोहाडी, तुमसरच्या दुकानांतून वह्यांच्या थप्प्या उलटून नावं उतरवून आली. चौतीस. त्यातली निम्म्याहून जास्त साइटवर कुठेच नव्हती.

त्या रात्री ती झोपल्यावर मी एकटाच साइट उघडून बसलो आणि बाबांचं नाव टाकलं. तीस वर्षांत कधी टाकलं नव्हतं.

नोंद निघाली. वर्ग 16. स्थिती: नोंदणीकृत, नूतनीकरण वेळेवर केलेलं. नाव आज त्यांचं आहे, म्हणून इथे लिहिलं नाही. पण तपशिलाच्या पानावर एक रकाना असतो, वापर कधीपासून. तिथे त्यांनी स्वतःच दिलेलं वर्ष होतं: 1986.

बाबांनी 1979मध्ये सुरू केलं होतं.

1993मध्ये लागू असलेल्या 1958च्या कायद्यातही आधीच्या वापराला असंच संरक्षण होतं, कलम 33. त्या नोटिशीला एका पानाचं उत्तर देता आलं असतं. अर्थात पुरावा लागला असता, आणि बाबांची बिलबुकं दर दिवाळीला रद्दीत जात. पुरावा म्हणून काय दाखवणार होते ते?

मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आईने आम्हा भावांच्या शाळेच्या काही वह्या ठेवल्या होत्या. तिसरीच वही माझी, दुसरीतली, शुद्धलेखनाची. कव्हरवर ते चित्र, ते नाव, खाली बारीक अक्षरात भंडारा. आत पहिल्याच पानावर बाईंच्या लाल शाईत सही आणि तारीख: 14 जुलै 1982. अशा वह्या त्या वर्षी जिल्ह्यात हजारो पोरांच्या दप्तरांत होत्या आणि प्रत्येकीत बाईंनी रोज तारीख घातली होती. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

सोमवारी फाइल प्रेसला गेली नाही. पुतणीने नाव बदललं. चौतीसच्या यादीतलं एक त्याला फार लागून होतं. नवं नाव एका जुन्या झाडीबोली शब्दावरून घेतलंय, ज्याचा कागदाशी काही संबंध नाही, आणि ते बरं. अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीकडे ऑनलाइन जाईल. नागपूरला बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे, पण तिथे प्रशिक्षण, नोंदणी मुंबईला. बाबांना त्यासाठी रात्रभराची गाडी धरावी लागली असती. एकटीने अर्ज केला तर एका वर्गाचे 4,500 रुपये. जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतं. तोवर कव्हरवर टीएम लिहायचं, वर्तुळातला आर लिहायचा नाही, कारण नोंदणीआधी तो लिहिणं गुन्हा आहे. कव्हरं आधी दोनशेच छापायची ठरली आणि पहिल्या विक्रीपासूनच्या प्रत्येक बिलाची प्रत एका फायलीत.

ती फाइल बनवताना मी तिला ती दुसरीतली वही दाखवली. तिने कव्हरवरून हात फिरवला, शिवण उलटी करून पाहिली, आबाजी दोरा दुहेरी घ्यायचे का विचारलं. तारखेच्या पानाचा फोटो काढला. मग पुढची पानं उलटत गेली.

"काका," ती म्हणाली, "शुद्धलेखनात दहापैकी चार?"